ताप उतरला, पण मूल सुस्त आहे: डेंग्यूत कधी आणि काय पाहायचे

चोपडा तालुक्यातील एका पालकांनी विचारले आहे ते थोडक्यात असे. मुलगी सात वर्षांची, वजन 22 किलो. रविवारी दुपारपासून जोराचा ताप. मंगळवारी केलेल्या कार्ड टेस्टमध्ये एनएस 1 (रक्तातील डेंग्यू विषाणूचे प्रथिन) पॉझिटिव्ह. आज गुरुवार. सकाळपासून ताप नाही, पण मुलगी सुस्त आहे, काही खात नाही, दोनदा पोट दुखते म्हणाली, आणि प्लेटलेट 98 हजार आल्या आहेत. आजी-आजोबा म्हणतात की ताप गेला, आता गावी घेऊन या. एक नातेवाईक म्हणतात की जळगावहून प्लेटलेटची पिशवी आणून ठेवा. डॉक्टर म्हणतात की भरती करा. कोणाचे ऐकावे, आणि घरातील चार वर्षांच्या मुलाचीही तपासणी करून घ्यावी का?

डॉक्टरांचे ऐकावे, आणि आजच ऐकावे. ताप उतरल्यावर आलेली सुस्ती आणि त्यासोबत पोटदुखी या दोन गोष्टी पुरेशा आहेत; प्लेटलेटचा आकडा 98 हजारांऐवजी दीड लाख असता तरी मी हेच सांगितले असते. उरलेले उत्तर रुग्णालयात पोहोचल्यावर वाचले तरी चालेल.

आता कारण सांगतो. तुमच्या घरात सगळ्यांचे लक्ष दोन आकड्यांवर आहे, एक थर्मामीटरचा आणि दुसरा प्लेटलेटचा. जळगाव-धुळे भागात मुलांवर उपचार करताना मला जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात हेच दिसते. डेंग्यूत मूल ज्यामुळे धोक्यात येते ती गोष्ट मात्र बहुतेक वेळा या दोन्ही आकड्यांच्या बाहेर असते. आजार साधारण तीन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा तापाचा, दोन ते सात दिवसांचा. त्यानंतर, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागतो आणि त्याच सुमारास 24 ते 48 तासांचा नाजूक काळ येतो. त्यात काही मुलांच्या बारीक रक्तवाहिन्या, माठ पाझरावा तशा पाझरू लागतात. रक्तातील पातळ भाग बाहेर झिरपून पोटात आणि छातीत साचतो, आणि रक्तवाहिन्यांत उरलेले रक्त दाट होत जाते. हा पाझर वाढला की रक्तदाब टिकत नाही. ज्याला आपण डेंग्यूचा शॉक म्हणतो तो हाच, आणि मुलांमध्ये तो मोठ्या रक्तस्रावाशिवायही येतो. तिसरा टप्पा बरे होण्याचा, ज्यात झिरपलेले पाणी परत रक्तात येते.

म्हणजे बाकीच्या बहुतेक तापांत ताप उतरणे ही सुटकेची खूण असते, पण डेंग्यूत तो क्षण लक्ष वाढवण्याचा असतो. ताप उतरल्यावर मूल उठून बसले, खायला मागू लागले, भावंडाशी भांडू लागले, तर खरोखरच चांगले चालले आहे. ताप उतरला आणि मूल मात्र अधिक मलूल झाले, तर उलट समजावे. आपल्या घरांत अशा मुलाला ‘अशक्तपणा आला आहे, झोपू द्या’ असे म्हणण्याची सवय आहे, आणि नेमके तेच काही तास हातचे जातात.

धोक्याच्या खुणा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ज्या सांगितल्या आहेत त्या घरी ओळखता येतील अशा भाषेत सांगतो. पोट सतत दुखणे किंवा हात लावू न देणे. वारंवार उलट्या होणे. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, उलटीत रक्त दिसणे किंवा शौचाला डांबरासारखी काळी होणे. मूल सुस्त पडणे किंवा कारण नसताना अतिशय चिडचिडे, अस्वस्थ होणे. पोट फुगणे, श्वास भरभर चालणे. यकृत वाढले आहे का, हे डॉक्टर पोट तपासून सांगतात. यांच्या जोडीला मी आयांना आणखी दोन गोष्टी पाहायला सांगतो, कारण त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही. हातपाय गार पडले आहेत का, आणि शेवटची लघवी कधी झाली? चार ते सहा तासांत एकदाही लघवी झाली नसेल तर ती नोंद करून सांगितली पाहिजे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. शॉकच्या सुरुवातीला मूल पुष्कळदा शुद्धीत असते, विचारले तर नीट उत्तर देते, आणि रक्तदाबाचा वरचा आकडाही चांगला दिसतो. 100/80 हा आकडा ऐकून घरचे निर्धास्त होतात. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांतील फरक 20 किंवा त्याहून कमी झाला, की मुलांच्या बाबतीत तो शॉकच समजावा लागतो. मोठ्या माणसाचा रुंद पट्टा लहान मुलाच्या दंडाला बांधला तर आकडा चुकीचा येतो, हेही लक्षात असू द्या. बोटाचे नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का, हे डॉक्टर पाहतात ते याचसाठी.

आता रक्ताचा अहवाल. आपल्याकडे ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात प्लेटलेट असतात. अहवालात या दोन वेगळ्या ओळी आहेत. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी उतरतात आणि प्लेटलेट त्यानंतर, त्यामुळे पांढऱ्या पेशी चार-पाच हजारांच्या खाली गेलेल्या दिसल्या की नाजूक काळ जवळ आला आहे असा अंदाज बांधता येतो. पाझर मोजायचा असेल, तर पाहण्याची ओळ तिसरीच आहे. अहवालात तिला पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असे लिहिलेले असते. रक्त दाट झाले की हा आकडा वर जातो, आणि मुलाच्या मूळ आकड्यापेक्षा तो 20 टक्के वाढला तर पाझर लक्षणीय आहे असे मानतात. आपल्या भागातील कितीतरी मुलांचे रक्त आधीच कमी असते. ज्या मुलीचा मूळ आकडा 30 आहे तिचा 36 झाला, तर छापील मर्यादेत तो ‘नॉर्मल’ दिसतो आणि त्यावर लाल खूणही येत नाही. प्रत्यक्षात मात्र तो 20 टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सीबीसी (सगळ्या रक्तपेशींची मोजणी) करावी आणि पहिला अहवाल जपून ठेवावा. मुलीचे मंगळवारचे कागद आज सोबत न्या. नुसत्या आजच्या अहवालापेक्षा दोन अहवालांतील फरक डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतो.

प्लेटलेटच्या पिशवीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलतो, कारण या एका गोष्टीपायी नातेवाईक रात्रभर रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतात आणि त्या वेळात मुलाजवळ कोणी नसते. रक्तस्राव होत नसेल तर 98 हजारांवरच नव्हे, तर त्याहून पुष्कळ खालच्या आकड्यांवरही प्लेटलेट देण्याची गरज नसते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसारही रक्तस्राव नसताना प्लेटलेट देण्याचा विचार 10 हजारांच्या खाली गेल्यावरच करायचा असतो. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट डेंग्यूत फार काळ टिकत नाहीत, पाझर त्यांनी थांबत नाही, आणि पिशवीतून जाणाऱ्या द्रवाचा भार वाढतो तो वेगळाच. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा काय द्यायचे ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. यंत्राने मोजलेला आकडा अचानक फार खाली आला आणि मूल चांगले असेल, तर काचपट्टीवर हाताने मोजून खात्री करून घ्यायला सांगावे, कारण नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की यंत्र कमी मोजते.

पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध, किवी यांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दवाखान्यात पोहोचल्यावर कोणीतरी सांगणारच आहे. आजाराच्या सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट आपोआप वाढू लागतात आणि त्याचे श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळते. पपईच्या पानांचा कडू रस पाजून मुलाला उलट्या झाल्या, तर ती उलटी आजाराची की रसाची, हे आम्हाला कळत नाही. म्हणून मी तो नको म्हणतो. किवी मुलाला आवडत असेल तर द्या. किवीसाठी उसनवारी करू नका.

द्यायचे ते पाणी आणि मीठ-साखर, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा. तुमच्या मुलीला तिच्या वजनानुसार दिवसभरात साधारण दीड लिटर द्रव लागते, ताप किंवा उलट्या असतील तर थोडे अधिक. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने केलेले मिश्रण खारट होते आणि मूल तोंड फिरवते. शहाळ्याचे पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी, पातळ ताक हे सगळे चालते. नुसते साधे पाणीच भरपूर पाजत राहू नये. बीट, डाळिंब, कलिंगड आणि लाल-काळी सरबते या दिवसांत टाळावीत, कारण उलटी झाली तर ते रक्त आहे की रस हे सांगता येत नाही. जेवणाचा आग्रह नको. मऊ खिचडी चार घास खाल्ली तरी पुरे.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. 22 किलोला एका वेळची मात्रा 220 ते 330 मिलिग्रॅम होते. इथे बाटलीवरचा आकडा वाचणे फार महत्त्वाचे आहे. काही बाटल्यांत 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असते, काहींत 250, आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम. मोठ्या भावंडाची बाटली आणि धाकट्याचा ड्रॉपर असा संकर घरोघरी होतो. औषधाने ताप 102 वरून 100 वर आला आणि मूल जरा हसले, एवढे पुरेसे आहे. तो पूर्ण उतरावा म्हणून दर दोन तासांनी औषध देऊ नये, यकृतावर त्याचा भार पडतो, आणि डेंग्यूत यकृत आधीच त्रासलेले असते. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक या काळात नकोत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा आणि पोटाच्या त्रासाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक एकत्र असलेली सिरपे दुकानात सहज मिळतात, म्हणून बारीक अक्षरांतील घटकही वाचावेत. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांसाठी भारतात 2011 पासूनच बंद आहे. कमरेत इंजेक्शन घेऊ नये. प्लेटलेट कमी असताना तिथे रक्त साकळते. बर्फाच्या पाण्याने अंग पुसणेही नको, कोमट पाणी पुरे.

भरती केल्यावर काय होते, याची कल्पना असली की घालमेल कमी होते. पहिल्या काही तासांत सलाईन वजनानुसार मोजून दिले जाते, किलोमागे तासाला 5 ते 7 मिलिलिटर अशा बेताने, आणि नाडी, रक्तदाब, लघवी, पीसीव्ही पाहून ते टप्प्याटप्प्याने कमी केले जाते. सलाईनची गरज बहुधा एक-दोन दिवसांचीच असते. आपल्याकडे ‘दोन बाटल्या लावा, ताकद येईल’ ही मागणी पालकच करतात, आणि डेंग्यूत ती मागणी धोक्याची आहे. पाझर थांबल्यावर झिरपलेले पाणी रक्तात परत येत असते. त्याच वेळी वरून बाटल्या चालूच राहिल्या तर ते पाणी फुप्फुसांत साचते. तेव्हा डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सलाईन काढले तर ‘उपचार थांबवले’ असे समजू नका. अंगावर लाल पुरळ आणि त्यात मधूनमधून पांढरी बेटे, तळहात-तळपाय खाजणे, नाडी जरा संथ होणे, भरपूर लघवी होणे, या बरे होण्याच्या खुणा आहेत. पुरळ पाहून पुन्हा धावपळ करू नये.

प्रत्येक डेंग्यूच्या मुलाला भरती करावे लागते का? नाही. मूल पीत असेल, लघवी होत असेल, धोक्याची एकही खूण नसेल आणि रोज तपासणीला आणता येत असेल, तर घरी ठेवून उपचार होतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे असेच होते. पण हा निर्णय घराच्या पत्त्यावरही अवलंबून असतो. जळगाव शहरात राहणाऱ्या मुलाला मी घरी पाठवतो. त्याच अवस्थेतील मूल धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरून किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीवरून आले असेल, तर ताप उतरून दोन दिवस होईपर्यंत त्याला रुग्णालयात किंवा निदान तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवायला सांगतो, कारण रात्री दोन वाजता हातपाय गार पडले तर 108 ची गाडी पोहोचायलाही वेळ लागतो. एक वर्षाखालील बाळ, अतिलठ्ठ मूल, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले मूल यांच्यासाठी भरतीचा उंबरठा आणखी खाली आणावा. नंदुरबार आणि शेजारच्या भागातील भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या मुलाला कोणताही ताप आला तरी वाट पाहू नये. तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 अंशांवर ताप आला तर तेही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

तुमच्या मुलीचे निदान झाले आहे, पण हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्यांचे झालेले नसेल. एनएस 1 पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, पण निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही, विशेषतः ज्याला तो दुसऱ्यांदा होत असेल त्याच्यात. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड, पाहतात, आणि तेही काही महिने टिकून राहत असल्यामुळे मागच्या आजाराचे असू शकते. प्रयोगशाळेत होणारी एलायझा पद्धतीची चाचणी कार्डापेक्षा भरवशाची. शासकीय व्यवस्थेत ती ठरावीक केंद्रांवर होते, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

सर्दी, खोकला, घसा असे सुरुवातीपासून असेल तर फ्लूसारखा विषाणू अधिक संभवतो. सांधे धरून मूल रडत असेल तर चिकुनगुनिया. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर हात-पाय-तोंडाचा साथरोग, जो बहुधा आपोआप बरा होतो. या कशालाही अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मात्र विषाणूचा नसलेला ताप ‘व्हायरल’ म्हणून सोडून देणे अधिक वाईट. थंडी वाजून येणाऱ्या तापात मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करावी. ताप पाच-सहा दिवसांनीही चढताच असेल तर टायफॉइडसाठी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवावे. पहिल्या आठवड्यातील विडाल या टायफॉइडच्या रक्तचाचणीवर मी विसंबत नाही. शेतात, गवतात वावर असलेल्या मुलाचा ताप हटत नसेल तर काख, जांघ, कानामागे काळ्या खपलीचा डाग शोधावा. तो स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा असू शकतो आणि त्याला नेमके औषध आहे.

आणि एक आजार असा आहे ज्यात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. 1965 मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावातील रुग्णांत सापडलेला चांदीपुरा विषाणू मेंदूवर हल्ला करतो; 2024 च्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातमध्ये त्याचा उद्रेक झाला होता. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी सँडफ्लाय नावाची बारीक माशी तो पसरवते. चांगले खेळणारे मूल अचानक तापते, उलट्या करते, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत बेशुद्ध होते. तापात झटका आला की मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवत बसू नये आणि निघावे.

शेवटी धाकट्या मुलाचे. त्याला ताप नसेल तर कोणतीही तपासणी नको. निरोगी मुलाच्या रक्तात शोधून काही हाती लागत नाही. पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा, कारण डास चावल्यापासून ताप यायला बहुधा चार ते दहा दिवस लागतात. ताप आलाच तर पहिल्या दिवसाची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा, सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. मुलीला ताप असेपर्यंत तिला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला हवे होते, आणि पुन्हा ताप चढला तर ठेवा, कारण तिला चावलेला एडिस डासच पुढे भावाला चावतो, आणि तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दुपार उलटल्यावर चावतो. आपल्याकडे नळाला काही दिवसांनी पाणी येते, म्हणून प्रत्येक घरात रांजण, ड्रम आणि हौद भरलेले असतात; त्याखेरीज उन्हाळा संपला तरी कूलरमधले पाणी तसेच राहते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. त्या दिवशी भांडे नुसते उपडे करून भागत नाही. अंडी भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, तेव्हा आतून काथ्याने घासून काढावे. रिकामा करता न येणारा हौद असेल तर झाकण घट्ट बसवा आणि ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्यसेवकाकडून गप्पी मासे मागून घ्या. हे काम आजी-आजोबांवर सोपवा आणि तुम्ही दोघे मुलीला घेऊन निघा.